सरांचा सात नंबर

“सात नंबर दे. आणि ते मोजबीज काही नको,” सर म्हणाले आणि दुकानातल्या गुबगुबीत बाकावर असे ताठ बसले, की जणू समोर अख्खी शाळा रांगेत उभी आहे.

लतिका पाय मोजायची फळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या या दुकानात खेळाच्या बुटांचं काउंटर ती बावीस वर्षं सांभाळत होती. आल्या गिऱ्हाइकाला आधी उभं करायचं, दोन्ही पाय मोजायचे आणि मगच खोक्याला हात लावायचा, हा तिचा शिरस्ता. नंबर विचारणं तिला मान्यच नव्हतं. माणसं नंबर सांगताना वयासारखीच खोटं बोलतात, असं ती रोशनीला सांगायची. रोशनी पलीकडे लेडीज चपलांवर असायची आणि लतिकाच्या या कडक सोवळ्याची यथेच्छ टिंगल करायची. पण आज समोर शरच्चंद्र सर होते. शाळेत सहा वर्षं ज्यांच्या शिट्टीवर आपण उठलो-बसलो, त्यांना ‘पाय पुढं करा’ म्हणायचं कसं? आल्या आल्या तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला होता, तोही बुटांवरूनच.

“पण सर, कशासाठी पाहिजेत ते तर सांगा.”

सर याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी कापडी पिशवीतून घडी केलेला निळा टी-शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि पाठीची बाजू वर केली. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘कोच’ असं छापलेलं होतं.

“सोमवारपासून,” सर म्हणाले. “आपला अपूर्व आठवतो? तुझ्यानंतरच्या बॅचचा, तो लुकडा? त्यानं नेपियर टाऊनात जिम काढलं. साठीपुढच्या लोकांची बॅच सुरू करून राहिला. क्रॉस ट्रेनिंग म्हणतात त्याला. थोडं वजन उचलायचं, थोड्या उड्या, थोडं डावीउजवीकडे पळायचं. मला म्हणाला, सर, म्हाताऱ्यांना तुमच्याशिवाय कोण हलवणार? आठवड्यातून चार दिवस सकाळी.”

“अरे वा! सर, लय भारी झालं!”

“भारी काय त्यात,” सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. “घरी बसून करतो काय मी? आमची ही, नंदा, गेली त्याला आता तीन वर्षं होतील. आलोक फॅक्टरीत, सूनबाई तिच्या शाळेत. समृद्धीला बसवर सोडलं की दिवसभर मी आणि खमरियातला तो फॅक्टरीचा क्वार्टर. परवा पाहुणे आले, तर सूनबाई म्हणाली, बाबा, जरा आत बसता का, खुर्च्या कमी पडून राहिल्या. बिचारी काही वाईट मनानं नाही म्हणाली. पण आत बसल्यावर मला वाटलं, आपण आता कायमचेच आत.” त्यांनी टी-शर्टाची घडी अगदी काळजीपूर्वक पुन्हा केली. “तर बूट दाखव. अपूर्वचा मेसेज आहे, रनिंगचे घेऊ नका, क्रॉस ट्रेनिंगचेच घ्या. मला तर सगळे पीटीचेच बूट वाटतात.”

हा विषय निघाला की लतिकाला कंठ फुटायचा. तिनं दोन जोड काढले. एक नारिंगी, जाड टाचेचा, दिसायला मोठा रुबाबदार. दुसरा करडा, साधासुधा.

“हे पाहा सर. हा पळायचा. सरळ रेषेत धावायचं असेल तर याच्यासारखा नाही. पण बाजूला उडी मारली की ही जाड टाच डगमगते आणि घोटा मुरगळतो. हा घालून वजन उचलायचं म्हणजे गादीवर उभं राहून बादली उचलायची. तुमच्या कामाचा हा करडा. सोल चपटा, कडेनं आधार, बोटांपाशी ऐसपैस. आणि वाकवून पाहा. चवड्यापाशीच वाकतो, मधोमध नाही. मधोमध वाकला तर तो जोड घ्यायचाच नाही.”

सरांनी बूट वाकवून पाहिला, पिळून पाहिला. “शाब्बास,” ते म्हणाले.

एकावन्न वर्षांची लतिका कानापर्यंत लाल झाली. सरांकडून ‘शाब्बास’ मिळवणं म्हणजे काय असतं, हे त्यांच्या हाताखाली खो-खो खेळलेल्यांनाच ठाऊक. तेरा वर्षांची असताना टाचेत काटा मोडलेला घेऊन ती अख्खा सामना खेळली होती. मध्येच रडवेली होऊन सरांकडे गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “दुखणं पायात नसतं पोरी, डोक्यात असतं. जा.” ती गेली आणि सामना जिंकला. पुढे नवरा अंथरुणाला खिळला, ती या दुकानात लागली, दिवसाचे दहा-दहा तास उभी राहिली, गुडघे ठणकायला लागले, तेव्हा प्रत्येक वेळी तिनं स्वतःला तेच ऐकवलं होतं. आई-बापानं दिलं नसेल एवढं बळ त्या एका वाक्यानं तिला दिलं होतं. ते वाक्य चूक असेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

सरांनी वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट काढला. लतिकानं तो बाजूला ठेवायला उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. तिनं बूट उलटा केला. फरशीवर टणकन एक लाल ठोकळा पडला. लहान मुलं एकात एक बसवून घरं बांधतात, तसला प्लास्टिकचा, चांगला टोकदार कोपऱ्यांचा.

“अरे! हा इथं होय!” सर खळखळून हसले. “समृद्धी गुरुवारपासून हा शोधून राहिली. घर डोक्यावर घेतलं पोरीनं. पलंग सरकवला, कपाट सरकवलं. आणि लबाड आजोबांच्या बुटात!”

आज शनिवार होता.

“सर,” लतिका म्हणाली, “तुम्ही काल फिरायला गेला होता?”

“काल? रोज जातो. पाच किलोमीटर, एक दिवस खाडा नाही. आजपण गेलो.”

“हेच बूट घालून?”

“दुसरे आहेत कुठं माझ्याकडे?”

लतिका ठोकळ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर सरांच्या पायाकडे गेली. पांढऱ्या मोज्यावर चवड्याखाली चहा सांडून वाळल्यासारखा एक तपकिरी डाग होता.

सर मात्र रंगात होते. तिला कळायच्या आत त्यांनी मांडणीवरून सात नंबरचा खोका स्वतःच ओढला आणि करड्या बुटात पाय कोंबला. लतिकाला मोजायची गरजच नव्हती. हा पाय सातचा नाही, नऊचा आहे, तोही रुंद, हे तिला दारातूनच दिसलं होतं. बुटाची कड ताणून पांढरी पडली. सरांनी नाडी आवळली, गाठ मारली आणि उभे राहून समाधानानं पाय आपटला.

“वा! हे बघ, याला म्हणतात माप. आता कळून राहिलं की पायात काही आहे म्हणून. नाहीतर हल्ली काहीही घाला, घातल्यासारखं वाटतच नाही.”

हे वाक्य लतिकानं बावीस वर्षांत चार-पाच जणांच्या तोंडून ऐकलं होतं. आवळ बुटालाच आरामाचा म्हणणारी माणसं. त्यातल्या एकाची बायको महिन्याभरानं जोड परत करायला आली होती. बूट कोरे होते. आता लागणार नाहीत, पाय कापावा लागला, एवढंच ती म्हणाली होती.

“सर, तुम्हाला शुगर आहे?”

“थोडी आहे म्हणतात. आठवली की गोळी घेतो.”

“आणि पाय? पायाला मुंग्या वगैरे?”

“आधी यायच्या. रात्ररात्र आग व्हायची. मी लक्षच दिलं नाही.” सर पुन्हा बसले आणि आवाज खाली आणून, एखादं गुपित सांगावं तसे म्हणाले, “आता दीड-दोन वर्षं झाली, काही म्हणजे काही दुखत नाही. मी पोरांना जन्मभर सांगत आलो ना, की दुखणं डोक्यात असतं? जिंकलं मी ते. नंदा असती तर तिला दाखवलं असतं. ती हसायची मला.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान लतिकाला बघवेना. शुगरनं पाय बधिर झाला होता आणि सर त्याला विजय समजून बसले होते. दुसरा कुणी असता तर डॉक्टरांकडे गेला असता. सर गेले नाहीत, कारण ते सर होते.

“सर, हे माप बरोबर नाही. तुम्हाला नऊ पाहिजे. आणि आज बूट नकाच घेऊ. आधी दवाखान्यात दाखवू. मी येते ना सोबत, आत्ता.”

“काहून? काय झालं?”

“मोज्यावर डाग आहे. आत जखम आहे तुम्हाला. तीन दिवस तो ठोकळा…”

“लतिका!”

तोच आवाज. रोशनी हातातली चप्पल तशीच धरून वळली. गल्ल्यावरच्या सेठजींनी मान वर केली. लतिकाची पाठ आपोआप ताठ झाली.

“सोमवारी सकाळी सहाला मला तिथं उभं राहायचं आहे,” सर म्हणाले. “वीस लोकांनी नावं दिली आहेत. तू सात नंबर बांध.”

ती खोका घेऊन काउंटरवर गेली. हे सगळ्यात सोपं होतं. बांधून द्यायचं, पाया पडायचं. सर हसत घरी जातील, सोमवारी निळा टी-शर्ट घालतील. वीस म्हातारी माणसं त्यांच्या शिट्टीवर हात वर करतील. दवाखान्यात नेलं तर काय होणार, हेही तिला दिसत होतं. पाय खाली टेकवायचा नाही, म्हणतील. महिना, दोन महिने. कदाचित त्याहून वाईट. अपूर्व काही थांबणार नाही, दुसरा कोच बघेल. आणि सर त्या क्वार्टरमधल्या आतल्या खोलीत बसतील. ज्या माणसानं आपल्याला उभं केलं, त्याला आपणच बसवायचं? तिनं कागदी पिशवी उघडली, खोका आत सरकवला आणि पुन्हा बाहेर काढला. तिचे डोळे भरून आले होते. सेठजी म्हणाले, “क्या हुआ दीदी? कस्टमर नाराज है क्या?”

मग ती परत आली आणि सरांच्या समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली.

“सर, एक पैज लावू?”

सरांच्या भुवया वर गेल्या. पैजेला ते कधी नाही म्हणत नसत, हे सगळी शाळा जाणून होती.

“तुम्ही डोळे मिटायचे. मी एकेक बोट धरते, कुठलं धरलं ते तुम्ही ओळखायचं. पाचही ओळखलीत तर सात नंबर घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही.”

“आणि हरलो तर?”

“तर दवाखाना.”

“अगं, हा लहान पोरांचा खेळ झाला,” सर हसले. “चल.” त्यांनी नवा बूट काढला, पाय तिच्या मांडीवर दिला आणि डोळे मिटून घेतले.

तिनं मोजा हळूच खाली ओढला. चवड्याखाली तो चिकटला होता. दात घट्ट आवळून तिनं तो सोडवला. सरांची पापणीही हलली नाही. बोराएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये काळसर. तिनं एकदाच बघितलं आणि नजर वळवली. मग तिनं अंगठा धरला.

सर शांत बसले होते. चेहऱ्यावर हसू होतं.

तिनं जरा दाबलं. मग जोरात दाबलं. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली.

“हं, धर ना,” सर म्हणाले.

लतिकानं दुसरा हातही लावला. दोन्ही मुठींत अंगठा आवळून ती बसून राहिली. ओठ दातांखाली घट्ट धरले होते.

“अगं, काहून वेळ लावून राहिली? धर लवकर. मला बस पकडायची आहे.”

शेवटी सरांनी डोळे उघडले. त्यांनी खाली पाहिलं. मुठी सोडायचं लतिकाला सुचलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसे सर आपल्या पायाकडे पाहत राहिले. त्यांच्या ओठांवरचं हसू हळूहळू गेलं.

“केव्हाची धरून राहिली तू?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच, सर,” ती म्हणाली. “आत्ताच धरलं.”

सरांनी मान डोलावली. शर्टाची कॉलर सारखी केली, पाठ सरळ केली आणि पुन्हा डोळे मिटले.

“बरं,” ते हळूच म्हणाले. “आता दुसरं धर.”

तिनं दुसरं बोट धरलं. सर वाट पाहत बसून राहिले.