गाडी पाणी पिते

जुनी गाडी थंड असताना बघावी, हे भारतला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ड्रायव्हरकी करणाऱ्या दाजीनं फोनवर चांगलं बजावलं होतं : आधी बोनेटवर हात ठेव, गरम लागलं तर मालकानं तू यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय समज. ऑइलचं झाकण उघड. आतून सायीसारखं पांढरं दिसलं तर ऑइलात पाणी शिरलंय, चहासुद्धा न पिता माघारी फिर. पण भारत पडला मेंढपाळाचं पोर. जन्मभर जनावरं पारखली, गाडी कधी पारखली होती? शहरातल्या पुंडलिकनगरात श्रीधररावांच्या दारात ती सात जणांची ऐसपैस पांढरी गाडी दिसली आन् गडी विरघळलाच. मागची सीट पाडून त्यानं स्वतः आडवं होऊन पाहिलं. माय मावत होती. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

त्याच्या मायच्या, मंजुळाबाईच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा सोयगावाहून शहरात नेऊन डायलिसिस करावं लागे, आणि एसटीत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. दुष्काळात चारा संपला तशी मेंढरं विकली, त्यातूनच ही गाडी.

श्रीधरराव बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. गाडी मात्र त्यांनी आधीच सुरू करून, एसी लावून ठेवली होती. चावी देता देता ते चष्मा पुसत म्हणाले, "एक सांगून ठेवतो, गाडी जरा पाणी पिते."

भारत हसला. "पिऊ द्या की साहेब! पाणी पितं तेच जित्राब धड. पाणी सोडलं की समजायचं, गेलं."

श्रीधररावांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. अरे खुळ्या, मेंढी पाणी पिते ती जगायला. इंजिन पाणी पितं ते आतून फुटलेलं असतं म्हणून! पण हे सांगणार कोण? ज्याला ठाऊक होतं त्याला गाडी खपवायची होती.

पहिली खेप कशीबशी झाली. दुसरीला गाडी वाटेत सिल्लोडलाच तापली आणि डायलिसिस चुकलं. तिसरीला फुलंब्रीच्या अलीकडं घात झाला. रस्ता रुंद करायला उकरून ठेवलेला, कडेची झाडं तोडलेली, वर मे महिन्याचं ऊन. काटा लाल रेघेवर गेला, बोनेटमधून भसाभसा वाफ आली. सोबतचा पाण्याचा कॅन कधीच संपला होता. मागं मंजुळाबाईचे पाय टम्म सुजलेले, छातीत घरघर. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. भारतनं येणाऱ्या-जाणाऱ्याला हात केले. सगळे धुरळा उडवत पुढं निघून गेले.

कडेच्या घरात पारूबाई नावाची बाई होती. दारातला ड्रम तळाला गेलेला.

"मावशे, म्हातारीला पाणी पायजे. लई आजारी हाय."

"टँकर कवा यील त्याचा भरवसा नाय," पारूबाई म्हणाली. "पर आजाऱ्याला नाय कसं म्हणू?" तिनं कळशी भरून दिली आणि म्हातारीला बघायला त्याच्या मागोमाग आली. बघते तर हा बोनेट उघडून पाणी आत ओततोय.

"मुडदा बशिवला तुझा! म्हातारीच्या नावानं मागितलंस आन् लोखंडाला पाजतोस व्हय?"

"मावशे, तिला पाणी चालत नाय गं!" भारतला रडू फुटलं. "गाडी चालली तरच माझी माय जगती!"

त्यानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, मागून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा फिरवली. नुसती टिकटिक. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो बसून राहिला.

"भारत," मागून मंजुळाबाई म्हणाली, "कळशीत उरलंय का रं?"

वर्षभर ती रोज कपभर पाण्यावर होती. प्यालेलं बाहेर पडत नाही, छातीत साठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती वेळा भारतनं तिच्या हातातला पेला हिसकला होता, लेकराला रागवावं तसं मायला रागवला होता.

"दवाखान्यात गेल्यावर देतो, माय. घोटभर."

"कशानं जायाचं?" तिनं विचारलं.

भारतनं खाली उतरून उरल्या पाण्याची कळशी उचलली. त्यानं मागं जाऊन तिच्या मानेखाली हात घातला, तिला उठवून धरलं आणि कळशी तिच्या ओठांना लावली. मंजुळाबाई घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं, आणि त्यानं एकदाही बस म्हटलं नाही.