चावी वर

मागच्या खोलीत म्हातारा पडून होता आणि पुढे दुकानात, मेजावर, त्याचं घड्याळ. दोघेही गंजलेले, दोघांचीही उस्तवार थोरलीच्या गळ्यात, आणि खरं सांगायचं तर घड्याळ जरा कमी कटकट करत होतं.

थोरली म्हणजे म्हाताऱ्याची मोठी मुलगी. तिचा संसार मोडला त्याला युगं लोटली. चार दिवस राहते म्हणून माहेरी आली, हाताला चाळा म्हणून बाबांच्या मेजावर घड्याळं उघडायला बसली, ती बसलीच. धाकटा भाऊ शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला, तिथेच त्याने घर केलं. तो नेमाने फोन करून काळजी करायचा. काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

बाबा न्हाणीघरात कोसळले त्या दिवशी घड्याळ मनगटावरून निसटून बादलीमागे गेलं. उजवी बाजू लुळी पडलेली, दवाखान्याची धावपळ, त्यात घड्याळ कुणाला आठवतंय? बाबा घरी आले, खाटेला खिळले, आणि पुढे कधीतरी फरशी घासताना ते थोरलीच्या हाताला लागलं. काच आतून धुरकटलेली, काटे तबकडीला चिकटलेले, पाठीवर गंजाचे फोड. जन्मभर लोकांना बजावलं, पाण्यापासून जपा म्हणून, आणि स्वतःचं असं ओल्यात सडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिने ते बाबांना दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने कानाशी धरून हलवलं.

"हे चालू करायचं."

"बाबा, यात काही राहिलेलं नाही."

"माझ्यात तरी काय राहिलंय? तरी डॉक्टर येतोच ना?"

जिभेला मात्र झटक्याने धक्का लावला नव्हता. शब्द थोडे जड झाले होते, धार तशीच होती.

मग ते काम सुरू झालं. काम कसलं, शिक्षाच. पाठ उघडता उघडेना, तेव्हा तिने अख्खं घड्याळ रॉकेलात बुडवून ठेवलं. उघडलं तर आत लालसर भुकटी. स्क्रू असे धरलेले की जोर लावावा तर डोकं उडणार आणि न लावावा तर जन्म जाणार. एकेका स्क्रूला सुईच्या टोकाने थेंब द्यायचा, वाट पाहायची, पुन्हा थेंब. चावीचा दांडा तर हात लावताच तुटला. केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, जिच्यावर घड्याळाचा श्वास चालतो, तिला गंजाचे ठिपके पडले होते. भंगार घड्याळांच्या डब्यातून तिने तशाच जातीचं एक शोधलं, त्याची स्प्रिंग आणि चावीचा दांडा काढून याला बसवला. चाकांची टोकं घासून उजळली. फिकट पिवळी पडलेली तबकडी धुवायला घेतली तर आतून आवाज आला, "तिला हात लावू नकोस. म्हातारं तोंड आहे, रंगवलं तर हसं होईल."

खाटेवरून त्यांना मेज दिसत नव्हतं. पण ब्रशचा आवाज कशावरून फिरतोय हे कळत होतं.

आणि हे सगळं सुट्टी घेऊन नव्हे. मध्येच कुणी सेल बदलायला यायचं, कुणी पट्टा. मध्येच बाबांना कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, चादर बदलायची, भरवायचं. रात्री तर ते तासातासाला हाक मारत. कधी पाणी हवं असायचं, कधी नुसतंच, ती आहे ना ते पाहायला. थोरली इतकी थकली होती की एकदा चहा गाळताना गाळणंच धरायला विसरली, आणि कपातली पत्ती पाहून तिला हसू आलं, मग हसता हसता रडू. कुणी बघत नव्हतं म्हणून तिने दोन्ही पुरेपूर करून घेतलं आणि मग डोळे पुसून भिंग लावून बसली. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. झोप. कुणी हाक मारणार नाही अशी, पोटभर झोप.

त्यासाठी तिने धाकट्याला फोन केला होता.

"थोडे दिवस ने रे बाबांना. मी संपले."

"अगं, न्यायचंच आहे ताई. माझे का ते कुणी नाहीत? ते घड्याळ होऊ दे. घड्याळ न्यायला येईनच मी, तेव्हा बघू ना."

घड्याळ मुलाकडे जायचं, हे बाबांनी तोंडाने कधी सांगितलं नव्हतं, पण घरात गृहीतच होतं. मुलीला मेज, मुलाला घड्याळ. थोरलीला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. तिने मनाशी साधा हिशेब मांडला होता: घड्याळ झालं की धाकटा येणार, धाकटा आला की बाबा जाणार, बाबा गेले की आपण झोपणार. म्हणून तर त्या गंजक्या डबीवर ती जीव काढत होती.

एका सकाळी घड्याळाने टिकटिक सुरू केली. थोरलीने ते नाचवत बाबांपुढे नेलं.

"चालायला काय, गाढवही चालतं," बाबा म्हणाले. "वेळ लावलीस का? टांग इथे. चावी वर."

आता घड्याळ बाजू पाहून चालतं. पालथं ठेवलं तर एक चाल, उभं टांगलं तर दुसरी. म्हणून ज्याचं घड्याळ असेल त्याच्या सवयीप्रमाणे ते बसवून द्यायचं, हा बाबांचा शिरस्ता. माणसं डाव्या मनगटावर घड्याळ घालतात, हात खाली सोडला की चावी, म्हणजे कडेची ती दातेरी गुंडी, जमिनीकडे येते. तेव्हा मनगटी घड्याळ टांगून पाहायचं ते चावी खाली करून. हे तिला बाबांनीच शिकवलेलं.

"चावी खाली ना, बाबा?"

"वर म्हणतो ना!"

झटक्याने डोक्यातलंही एखादं चाक सरकलं असावं, असं तिला वाटलं. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. तिने खाटेच्या दांड्याला दोरा बांधून, चावी छताकडे करून घड्याळ टांगलं. बाबा दिवसभर समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी त्याचा मेळ घालत पडून राहिले. संध्याकाळी निकाल लागला.

"मागे पडतंय. उघड परत."

तिने उघडलं, बारीक फरक केला, पुन्हा टांगलं. पुन्हा मागे. पुन्हा उघडलं. मग पुढे जायला लागलं म्हणे. एरवी तिने स्वतः ताडून पाहिलं असतं, पण बाबांनी सांगितलेल्या वेळेवर संशय घ्यायचा, हे त्या घरात कुणाला सुचलंच नसतं. शिवाय दिवसभर बसून काट्याकडे पाहायला तिला उसंत कुठली? बाबा म्हणाले चुकतंय, की चुकतंय. धाकट्याचा फोन आला की ती सांगायची, "नाही रे, अजून नाही झालं," आणि पलीकडे तो जरा जास्तच मोकळा श्वास घ्यायचा.

असंच एकदा घड्याळ उघडून, मिटवून ती उठली. पट्टा हातात धरून मेज पुसायला अडचण, म्हणून तिने ते मनगटावर चढवलं. थोरली डावखुरी. सगळी कामं डाव्या हाताने, तेव्हा घड्याळ आपसूक उजव्या मनगटावर गेलं. मेज पुसून झालं आणि दमून तिचे दोन्ही हात खाली लोंबले. सहज लक्ष गेलं. चावी वर होती, कोपराकडे.

तिने हात उचलून पुन्हा खाली सोडला.

डोक्यातलं चाकबिक काही सरकलं नव्हतं. घड्याळ तिच्या हातासाठी लावलं जात होतं, पहिल्या दिवसापासून.

दुसऱ्या कुणाला या क्षणी भरून आलं असतं. थोरलीलाही आलं, नाही असं नाही. बाबांनी आपला डावा हात ध्यानात धरला होता. पण पाठोपाठ तिचा हिशेब उलटला. घड्याळ माझं, म्हणजे धाकट्याला यायचं कारणच उरलं नाही. म्हणजे बाबा इथेच. म्हणजे कूस, भांडं, चादर, हाक, सगळं इथेच, आणि वर बक्षीस म्हणून हे घड्याळ. कामाच्या बैलाला घुंगरू बांधावं तसं. तिला त्या घड्याळाचा संताप आला आणि संताप आला म्हणून स्वतःची लाजही वाटली.

मागच्या खोलीत जाऊन तिने घड्याळ मुकाट्याने दांड्याला टांगलं. चावी वर. मग दुकानात येऊन धाकट्याला फोन लावला. "झालं घड्याळ. रविवारी ये." झालंय की नाही, हे तिने बाबांना विचारलंही नाही.

रविवारी धाकटा आला. बाबांच्या पायाशी बसला, तब्येत फार सुधारली म्हणाला, ताईचे हात म्हणजे जादू म्हणाला. चहा घेतला. मग त्याची नजर दांड्याकडे गेली आणि त्याने हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले. "ते तिचं आहे."

धाकट्याचा हात तिथल्या तिथे राहिला. क्षणभर त्याचं तोंड उतरलं, आणि दुसऱ्याच क्षणी असं उजळलं की थोरलीला ते बघवेना.

"बरोबरच आहे बाबा! ताईनेच केलं सगळं. तिचाच हक्क आहे. तुमचं तर तिच्यावाचून पानही हलत नाही." तो उठलाच. "मग मी निघू? वाटेत गर्दी लागते."

थोरलीला इतके दिवस वाटत होतं की ती ओरडेल. ओरडायलाही बळ लागतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला घड्याळ नको. मला झोप पाहिजे."

मग धाकट्याने सुरुवात केली. घर लहान, लिफ्ट सारखी बंद, बायकोची कंबर धरलेली.

"लिफ्ट बंद असली तर बरंच," बाबा म्हणाले. "मी कुठे खाली उतरून नाचणार आहे? माझे कपडे भर, धाकट्या. मी येतोय."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"घड्याळ केव्हाच बरोबर झालं होतं," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "दुसऱ्यांदा उघडलंस ना, तेव्हाच. मागे नाही, पुढे नाही."

"मग रोज मला उघडायला का लावलंत?" तिचा आवाज फुटला. "रडकुंडीला आले होते हो मी!"

"माहीत आहे. ऐकू यायचं मला." त्यांचा डावा हात चादरीवर उगाच काहीतरी चाचपत होता. "तू फोनवर बोललीस ना, थोडे दिवस ने म्हणून, आणि मग, घड्याळ अजून नाही झालं म्हणून? तेही ऐकलं होतं. जायला हवं हे कळत होतं. पण भीती वाटत होती गं. घड्याळाच्या बाबतीत जन्मात खोटं बोललो नव्हतो, ते बोललो."

थोरलीने त्यांचा हात धरला. तिला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो धरून ठेवण्याइतकी ताकद नव्हती.

"घड्याळ तिचं, म्हातारा तुझा," बाबा धाकट्याला म्हणाले. "वाटणी झाली. चल, उचल."

धाकट्याला उचलता येत नव्हतं. कुठे हात घालायचा तेच कळेना. थोरलीने दाखवलं: आधी लुळा हात पोटावर, मग मानेखाली, मग गुडघ्यांखाली. शिकवताना तिला दोनदा वाटलं की जाऊ दे, राहू देत इथेच. दोन्ही वेळा तिने ओठ घट्ट मिटून घेतले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिने दुकानाचं शटर ओढलं, दांड्यावरचं घड्याळ मनगटावर चढवलं आणि रिकाम्या खाटेवरच अंग टाकलं.

किती झोपली कुणास ठाऊक. जागी झाली ती फोनने. बाहेर ऊन होतं, पण कुठल्या दिवसाचं ते कळेना. मनगटावरचं घड्याळ बंद पडलं होतं.

"कसं चाललंय?" बाबांनी विचारलं.

"बंद आहे."

"बिघडलं?"

"नाही. चावीच दिली नाही. झोपले होते."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "इथलं भिंतीवरचं घड्याळ धावतंय. घरात कुणाला पत्ता नाही. मी पडल्या पडल्या रोज बघतो."

"सांगा ना त्यांना."

"सांगून काय उपयोग? वेळ कळली तरी कुणी लवकर येतंय थोडंच." मग घाईघाईने, "नाही, तसे बरे आहेत. कूस बदलून देतात. जरा उशीर होतो, एवढंच. जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव. आणि झोप परत."

न्यायला कधी येतेस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.