छताचा गुलाबी रंग

व्हर्ना टॉलेफसनने भिंती रंगवल्या तेव्हा त्या गुलाबी होत्या. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मुलांना वाढून ती निवृत्त झाली होती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. आईबापांना सांभाळता येत नाहीत अशी मुलं सरकार कुणाकुणाच्या घरी राहायला पाठवतं, तशी एक आठ वर्षांची मुलगी नाताळनंतर तिच्याकडे यायची होती. नाव ओपल. आजवर पाच घरं बघून झालेली, हे सहावं.

म्हणून वरची खोली. पेन्शनीत बसेल तेवढंच करायचं होतं. पलंग चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आला. रजई तिने नवऱ्याच्या शर्टांचे तुकडे जोडून शिवली. रंगाचा डबा दुकानातल्या परत आलेल्या डब्यांच्या फळीवरचा, सात डॉलरला. लेबल फाटलेलं होतं, पण झाकण जरा उचकटून पाहिलं तर आत कसा छान, जर्दाळूच्या फुलासारखा गुलाबी! दिवे लागेपर्यंत चारी भिंती रंगवून ती समाधानाने खाली आली.

सकाळी प्रार्थनेचं रोजचं पान वाचून ती कॉफी घेऊन वर गेली, तर भिंती पांढऱ्याफटक.

तिचा फोन जाताच समोरच्या घरातली आर्डिस धावत आली आणि हसता हसता जिन्यावरच बसली. "अगं वेडे, तो छताचा रंग! ओला असताना गुलाबी दिसतो, कुठवर हात फिरला ते कळावं म्हणून. वाळला की पांढरा."

"हे डब्यावर लिहायला नको?"

"लिहिलेलं असतं गं. लेबलावर!"

दुसरा डबा परवडणारा नव्हता. त्यात पश्चिमेच्या खिडकीतून वारा आत घुसत होता. मग त्याच विक्रीतला एक जाड काळा गुंडाळीचा पडदा तिने खिडकीवर सोडला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करून टाकल्या. तिकडे थंडीत सगळेच असं करतात, वसंत येईतो खिडकीला हात लावत नाहीत. पडद्याला मधोमध मिरीच्या दाण्याएवढं एक भोक होतं. तिथे पोचेपर्यंत चिकटपट्टी संपली.

आर्डिस आत डोकावून म्हणाली, "मुलीची खोली केलीयस की बटाट्याचं तळघर?"

व्हर्नाला ते खरंच वाटलं.

ओपल आली ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत आपलं सगळं सामान घेऊन. पिशवीच्या तोंडाला पक्की गाठ. खोलीत येऊन तिने चारी बाजूंना पाहिलं आणि पिशवी दाराजवळच ठेवली.

"कपाटात लावून देऊ का, बाळ?"

"नको. ठीक आहे."

त्या गावात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. पाहुण्याला केकचा तुकडासुद्धा तीनदा विचारायचा असतो, तेव्हा कुठे तो "बरं, लहानसा द्या" म्हणतो. व्हर्नाने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच, ठीक आहे. रजई आवडली? ठीक आहे. दुसरी उशी हवी? ठीक आहे.

शाळेला नाताळची सुट्टी होती, पण दिवसा ती पोर न्याहारी झाली की वर जायची आणि दार लावून घ्यायची. दिवासुद्धा लावायची नाही. व्हर्ना जिन्याखाली उभी राहून कान द्यायची. आवाज नाही, हुंदका नाही. पांढऱ्या भिंतींच्या त्या अंधाऱ्या खोलीत पोरगी एकटी बसून काय करत असेल, हा विचार तिला सोडेना. शुक्रवारी सरकारी बाई, मिसेस कीटिंग, येणार होत्या. त्या ओपललाच विचारणार होत्या, इथे राहायचंय का. नाही म्हणाली की सातवं घर. पिशवीची गाठ तर अजून तशीच होती.

शुक्रवारी व्हर्नाने नवी चिकटपट्टी आणली. निदान ते भोक तरी बुजवू, बाईंना दरिद्री दिसायला नको. साडेनऊला तिने दार वाजवून उघडलं. आत काळोख. ओपल पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती.

"जरा पडदा नीट करते हं."

"नको!"

व्हर्ना जागच्या जागी थबकली. आठ दिवसांत त्या मुलीचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"दार लाव," ओपल म्हणाली. "आणि बस. डोळ्यांना सवय होऊ दे."

व्हर्ना गुडघे सांभाळत खाली बसली. आधी नुसता काळोख. मग समोरच्या भिंतीवर काहीतरी निळसर पसरलं. खाली, जमिनीलगत, आकाश होतं. वर छताला टेकून बर्फाचा लखलखता रस्ता. रेल्वेच्या रुळांपलीकडचं धान्याचं उंच लाल कोठार माथ्यावर उलटं लोंबत होतं, आणि आर्डिसच्या धुराड्यातून निघालेला धूर सावकाश, खाली खाली, त्या निळ्यात उतरत होता. चित्र नव्हे ते. हलत होतं. रस्त्याकडेच्या ओक्याबोक्या एल्मच्या झाडाच्या फांद्या वाऱ्याने हलत होत्या, एकूण एक काटकी दिसत होती.

व्हर्नाची बोटं आपोआप एकमेकांत गुंफली गेली. चर्चमध्ये ती असंच बसायची. अडतीस वर्षं ती हा रस्ता बघत होती. हिवाळ्यात त्याला शिव्या घालत होती. आणि तो आज तिच्या घरात, काही न बोलता, एवढ्याशा भोकातून सगळाच्या सगळा आला होता.

"हे तू केलंस?" तिने कुजबुजत विचारलं.

"मी नाही. भोकानं." ओपलही कुजबुजलीच. "पहिल्या दिवशी वाटलं मी झोपेत आहे. मग बर्फ उपसणारी गाडी छताला चिकटून गेली. पांढरी भिंत आहे ना, म्हणून रंग दिसतात. कपाटाच्या दारावर नाही दिसत. मी बघितलं."

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की बुजवतात."

व्हर्नाने हातातली चिकटपट्टी एप्रनच्या खिशात घातली.

तेवढ्यात भिंतीवर आर्डिस आली. डोकं खाली, पाय वर, फावडं घेऊन बर्फ उपसायला लागली; बर्फ वर पडत होता. ओपलने तोंडावर हात दाबला. मग एक निळी गाडी सरकत आली, थांबली. मिसेस कीटिंग उतरल्या, उलट्या, दोन पावलं चालल्या आणि बर्फावरून घसरता घसरता दोन्ही हात पसरून सावरल्या, एखाद्या मोठ्या वटवाघळासारख्या. ओपल खो खो हसत सुटली. व्हर्नालाही हसू आवरेना; डोळ्यांतून पाणी येत होतं, कशाचं ते तिने तपासलं नाही.

मिसेस कीटिंगना वर आणलं तेव्हा ओपलनेच दार लावलं. "बसा. थोडा वेळ काही दिसणार नाही. घाबरू नका."

बाई कोटासकट जमिनीवर बसल्या. हळूहळू भिंतीवर रस्ता उमटला. ढगाची एक सावली रस्त्यावरून, म्हणजे छतालगत, सरकली आणि सगळी भिंत मंदावून पुन्हा उजळली.

"अरे देवा," मिसेस कीटिंग एवढंच म्हणाल्या. बऱ्याच वेळाने त्यांना आपलं काम आठवलं. "ओपल, तुला इथे राहायचंय का?"

पहिल्याच खेपेला कुणी खरं सांगत नाही. आणखी दोनदा विचारा हो, व्हर्नाला म्हणावंसं वाटलं.

ओपलने भिंतीवरची नजर काढली नाही. "त्या झाडाला पानं कधी येतात?"

"मे महिन्यात," व्हर्ना म्हणाली.

"मग हो. मला ती हिरवी बघायचीयत." आणि अंधारातच दाराजवळच्या पिशवीकडे हात करत, "व्हर्ना, कात्री आहे का गं? ती गाठ हातानं सुटत नाहीये. मी काल बघितली सोडून."