चौकोनी भोकं

कारखान्यानं व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तसा मुकुंदरावांनी नल्लकुंट्याच्या घरात मागच्या खोलीत एक जुना लेथ आणून मांडला. देशात बाहेरचा माल कितीही येवो, दारांच्या पितळी मुठींना चौकोनी भोकं लागणारच, असं ते छाती ठोकून सांगत. त्यांच्या बायकोला, उषाला, मात्र ते यंत्र सवतीसारखं डाचे.

चौकोनी भोक काही लेथ फिरवून पडत नाही. आधी गोल भोक पाडायचं, मग मूठ पकडून फिरणारा चक लाकडी पाचरीनं अडवून टूल हातानंच आतबाहेर ढकलत एकेक कोपरा खरवडायचा. कीस काढायला बोट सारखं भोकात. म्हणून मुकुंदराव आधी मोटरचा पट्टा उतरवून ठेवत. मोटरचा फिरकीचा स्विच खोलीबाहेरच्या बोळात होता, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. त्याची चालू-बंदची अक्षरं कधीच झिजून गेली होती.

खंडेनवमीला ते आबिड्सच्या बाजारात गेले असताना उषानं लेथ पुसून झेंडू वाहिले. खिळ्याला लोंबणारा पट्टा बघून तिला कसंसंच झालं. अपुऱ्या यंत्राची कसली आलीय पूजा? तिनं तो चढवला, झाकण लावलं, वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सांगायचं तेवढं राहून गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच करंट गेला. शेजारचे हणमंतराव गप्पांना आलेले.

"जाऊ दे गेला तर. या कामाला करंट लागतोय कुठं?" म्हणत मुकुंदराव कामाला लागले.

भाजी चिरताना आतली खरखर उषाच्या कानावर आली आणि तिला पट्टा आठवला. ती दाराशी धावली.

"अहो, झाकण उघडून बघितलंत का?"

"नक्को. तुझं स्वस्तिक मोडेल. पट्टा मी केव्हाच काढलाय." त्यांचं बोट भोकात होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे नुसती कानस जागची हलवली, तर त्यांनी चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता, आणि आज हणमंतराव समोर बसलेले. पाहुणा गेल्यावर सांगू, तोवर स्विच बंद करून ठेवू, असं तिनं ठरवलं. हा माणूस दिवे-पंखे कधी बंद करत नाही, स्विचही चालूच असणार, असं ती धरून चालली. बोळात जाऊन तिनं फिरकी फिरवली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

ती भाजी फोडणीला टाकत होती, तोच डोक्यावरचा पंखा हलला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "करंट आया!"

मागच्या खोलीत पाचर भिंतीवर आपटली. पाठोपाठ मुकुंदरावांची किंकाळी आली. हणमंतराव धडपडत बोळात आले, त्यांनी फिरकी उलटी फिरवली, तेव्हा लेथ थांबला.

उषा दारात पोचली. मुकुंदरावांनी हात धोतरात गुंडाळला होता आणि धोतर लाल होत चाललं होतं. ओरडणं थांबलं होतं. ते तिच्याकडे बघत खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "स्विच बंद होता गं. कुणी लावला?"