निळी साखर

रविवारी सकाळी पंचवटीतल्या मंगल कार्यालयाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हातातला लाकडी पेला उन्हात काळ्या कापडावर धरून आत डोकावत होता. रात्रभर पेल्यात राहिलेलं पाणी मोरपिशी निळं चमकत होतं.

"दिसली! माझी साखर दिसली!"

"माझी तर बघा, काठोकाठ!"

मंचावर यादवबाबा होते. अंगात भगवी कफनी, पायांत स्पोर्ट्स शूज, गालाजवळ माइक.

"हा पेला बिवळ्याचा! इगतपुरीच्या घाटातल्या घनदाट रानातलं झाड. साल कापली की लाल चीक येतो. का येतो? कारण या झाडाला रक्त आहे! रक्ताचं दुःख रक्तालाच कळतं. पेला हातात धरा, तळव्यातून साखर खेचून घेतो की नाही बघा!"

मग बाबा तांब्यातलं तीर्थ एकेकाच्या पेल्यात ओतत. निळाई क्षणात नाहीशी होई. "गेली साखर!" टाळ्या.

मंचाशेजारी बांबूच्या मोठ्या पाटीत इन्सुलिनची पेनं आणि गोळ्यांची पाकिटं साठली होती. बारा वाजता त्यांचं रामकुंडात विसर्जन होणार होतं.

पुढच्या रांगेत बसलेल्या लताबाईंची औषधांची पिशवीही त्याच पाटीत होती. लताबाई भाजीबाजारात मेथी-शेपू विकतात. इन्सुलिन बंद करून त्यांना तीन आठवडे झाले होते आणि डाव्या पायाच्या अंगठ्यावरचा फोड काळा पडत चालला होता.

"चप्पल चावली गं," त्या लेकीला सांगत.

लेक स्नेहल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरात हाच खेळ आईला करून दाखवला होता. "ते तुझं कॉलेजातलं. हे देवाचं," म्हणून लताबाईंनी विषय संपवला होता. म्हणून स्नेहल आज इथे आली होती. तिने सरळ मंच गाठला.

"बाबा, मला मधुमेह नाही. तरी माझ्या पेल्यातलं पाणी निळंच आहे."

"लपलेली साखर, बेटी! शिकलेल्यांत जास्त असते."

हशा पिकला.

"आणि साखर अजिबातच नसली तर?"

"तर पाणी निर्मळ! आमचा पेला बारा वर्षं असाच निर्मळ आहे."

पुढच्या रांगेतून लताबाईंची शेजारीण कुसाबाई उठली. तिने हात जोडले. "दर्शन द्या ना बाबा पेल्याचं! लय पुण्य लागंल."

"पूजेतला पेला आहे तो. हलवायचा नसतो," बाबा म्हणाले. पण भक्ती फार पुढे गेली होती. दोघा भक्तांनी पेला आसनावरून उचलला, कपाळाला लावला आणि उन्हात काळ्या कापडावर ठेवला.

पाणी निळंशार.

"अगं बया," कुसाबाई म्हणाली, "बाबांना तर माझ्यापेक्षा जास्त हाय!"

बाबांनी झटकन तीर्थ ओतलं. निळाई गेली. "तुमची परीक्षा घेत होतो!" टाळ्या पडल्या, पण जरा दमाने.

"कुसामावशी, चुन्याची डबी द्या," स्नेहल म्हणाली. तिने नखभर चुना पेल्यात ढवळला. निळाई परत आली, पहिल्यापेक्षा गडद.

"परत आली! बाबांची साखर परत आली!"

"बाबा, पेढे बंद करा आता."

"रोज पहाटे तपोवनापर्यंत चालत जात जा."

एका म्हाताऱ्याने तर पाटीतून स्वतःचं इन्सुलिन काढून पुढे केलं. "घ्या बाबा, आधी तुम्हालाच लागंल." त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, खरी काळजी होती.

बाबांना ध्यानाची वेळ झाल्याचं एकाएकी आठवलं. गाडी मागच्या फाटकाने गेली.

"म्हंजी झाडच खोटं का गं?" कुसाबाईने विचारलं.

"झाड खरं आहे, मावशी. औषधात वापरतात, त्यावर अभ्यासही होतो. या लाकडातून पाण्यात जो पदार्थ उतरतो, तो उन्हात निळा चमकतो. आंबट पडलं की चमक जाते, चुन्याने परत येते. तीर्थात लिंबू पिळलंय, चाखून बघा. पेला तुम्ही धरा नाहीतर खिडकीत ठेवा, पाणी निळंच होणार. सगळ्यांना आजारी ठरवते आणि सगळ्यांना बरं करते, ती तपासणी कसली?"

लताबाईंनी लेकीला जवळ बोलावलं. "पण मला बरं वाटत होतं गं," त्या हळूच म्हणाल्या.

स्नेहलने पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि आईच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला चारशे बारा.

"याच्यावर ओत की लिंबू," ती म्हणाली.

लताबाई उठून पाटीकडे गेल्या. तिथे एव्हाना दहा-बारा हात आपापली औषधं शोधत होते.

"ते इन्सुलिन उन्हात होतं, आई. आता वापरायचं नाही. दवाखान्यात जाऊ, नवीन घेऊ."

लताबाईंनी चप्पल काढली. "आणि हा अंगठाही दाखवू," त्या म्हणाल्या.

अंगठा वाचला. आणखी आठवडा गेला असता तर कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

लताबाईंनी पेला टाकला नाही. रोज सकाळी त्यातलंच पाणी त्या मेथीवर शिंपडतात. उन्हात ते निळं चमकतं आणि एखादं गिऱ्हाईक थबकून विचारतं, "मावशी, हा साखरेचा पेला ना?"

"लाकडाचा आहे," लताबाई जुडी झटकत म्हणतात. "साखर बघायची तर रक्त तपासून घ्या. दवाखाना त्या कोपऱ्यावर आहे."