इरिनीचा उपास

“गहू कापतीस का त्याची मनधरणी करतीस?” सासूबाई बांधावरून म्हणाल्या.

इरिनी, माझी धाकटी जाऊ, विळा गव्हाच्या बुडाशी टेकवून नुसती वाकून राहिली होती. माझ्या अबानूबला खजुरीच्या सावलीत झोळीत टाकून मी पेंढ्या बांधत होते. एकदा त्याच्या कपाळाला हात लावायचा, एकदा तिच्याकडं बघायचं. आता पडते की मग पडते.

तिची तान्ही लेक नार्दीन बाप्तिस्म्याआधीच गेली. आमच्यात मुलीला मुलापेक्षा जास्त दिवस थांबावं लागतं. ते दिवसही भरले होते. पण सासूबाई म्हणाल्या, कैरोहून पोरीची आत्या येऊ दे, मग थाटात करू. आत्याआधी ताप आला. अबूना, म्हणजे आमचे पाद्री, नाईलपलीकडं गेले होते. त्यांची होडी काठाला लागेस्तोवर पोर आईच्या मांडीवर गार पडली. बाप्तिस्मा नाही, म्हणून माती देताना प्रार्थनाही नाही.

बाप्तिस्मा लांबवल्याबद्दल अबूनांनी आईला प्रायश्चित्त सांगितलं, रोज दुपारपर्यंत उपास. इरिनीनं तो चांदण्या उगवेपर्यंत ओढला, आणि मग खाल्लं तरी दोन घास. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुरे कर, असं पुढं अबूनांनीच सांगितलं, तरी ऐकेना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. सासूबाई तर नार्दीनचं नावही काढत नव्हत्या.

शेतातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. देवळात काळे पडदे, सकाळपासून सगळं गाव निर्जळी. क्रुसावरून ख्रिस्त बापाला विचारतो, मला का टाकलंस, ते वाचन आलं आणि बायका हुंदके द्यायला लागल्या. इरिनीचे डोळे कोरडे. ती माझ्या कानाशी लागली.

“तू कॉलेजात शिकलीस. बाप काय म्हनला त्याला?”

मी आठवून पाहिलं. “काहीच नाही.”

“काईच न्हाई?”

“नाही.”

ती पडद्याकडं वळली. “मला वाटलं, माझ्याशीच बोलंना झालाय.”

संध्याकाळी घरी रीतीप्रमाणं शिरक्याची, म्हणजे आंबट व्हिनेगरची, वाटी फिरली. ख्रिस्ताला क्रुसावर तोच पाजला होता, म्हणून एकेक घोट घ्यायचा, मग मोड आलेल्या बाकल्याचे, म्हणजे मोठ्या घेवड्याचे, दाणे खाऊन उपास सोडायचा. वाटी इरिनीकडं आली. तिनं ती खाली ठेवली.

सासूबाईंनी ती वाटी उचलली आणि तळापर्यंत पिऊन टाकली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

“थांबा म्हनाले ती मी,” त्या म्हणाल्या. “उपास माझा हाय. आजपास्नं मी धरते. तू खा.”

तेवढ्यात अबानूब भुकेनं रडला. इरिनीच्या झग्याची छाती दुधानं भिजली, पार पोटापर्यंत ओघळ आला. तिनं खाली पाहिलं.

“उपास घ्याल, सासूबाई. ह्ये कोन घेनार?”

सासूबाईंनी आपल्या पुढ्यातली थाळी तिच्याकडं सरकवली आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या. मी पोराला पदराखाली घेतलं. पण नजर थाळीवरच.

शेवटी इरिनीनं एक दाणा उचलला. साल काढली. चावला.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली.

आपल्या हातच्या जेवणाला नाव ठेवलेलं सासूबाईंनी जन्मात ऐकून घेतलं नव्हतं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “कमीच हाय.”