खुर्चीतली नवरी

गाऊनची कमरेची शिवण उसवताना मधुकरचं तोंड चालूच होतं. कात्री सावकाश आणि जीभ भरधाव, अशी त्याची पद्धत. बोरिवलीच्या त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवरीला घराण्याचा इतिहास फुकट मिळे. गाऊनचा भाव त्या इतिहासामुळेच चढा होता, ही गोष्ट वेगळी. त्याचे वडील, राजारामअण्णा, गिरणीत साच्यावर कापड विणत आणि सुट्टीत शिवणकाम करत. मधुकरच्या तोंडी मात्र ते ‘टेक्सटाइल लाइनमध्ये’ असत.

आजचं गिऱ्हाईक खास होतं. राजारामांनी शिवलेल्या पहिल्यावहिल्या गाऊनची नवरी, मनोरीच्या फिलोमिना आंटी, तोच गाऊन घेऊन आल्या होत्या. नात लविनाला तो लग्नात घालायचा होता, कमरेत जरा सैल करून. भिंतीवर आंटींचा त्या दिवसाचा फोटो होता : मांडवात सगळे नाचताहेत आणि नवरी खुर्चीत.

“बघ,” मधुकर लविनाला म्हणाला, “सॅटिनला चुणी पडू नये म्हणून तुझी ममाय स्वतःच्या लग्नात नाचली नाही. असा गाऊन होता आमच्या अण्णांचा.”

आंटी पर्सची चेन उघडत-लावत बसल्या. मधुकरची मुलगी रुचिरा लविनाला लेस दाखवायला आत घेऊन गेली.

मधुकरने अस्तर उलटलं आणि त्याची जीभ थांबली. अस्तरावर गिरणीचा जांभळा शिक्का होता. ‘बाद माल’. शाई फुटून सॅटिनपर्यंत पसरली होती. त्याच जागी, बाहेरून, पाठीवर लेसचं एक फूल लावलेलं होतं. टाके अण्णांचे नव्हते.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. त्याने शिक्क्यावर तळवा ठेवला.

“काढ हात,” आंटी म्हणाल्या. “मना ठावं हाय. चर्चमध्ये घाम आला नि शाई वर आली. बहिणीने कानात सांगितलं. मग काय, मी पाय मुरगळला म्हणाले नि बसले. फूल मागाहून मीच लावलं.”

“आमच्याकडे कधी बोलला नाहीत, आंटी.”

“तुझा बाप आलेला ना लग्नाला. इस्त्रीचा शर्ट घालून समोरच बसलेला. त्याच्याकडे पाठ कशी करू?”

फोटोच्या कडेला अण्णा होते, नवरीकडे बघत. हेही तो गिऱ्हाइकांना काचेवर बोट ठेवून दाखवायचा.

लविना लेस खांद्यावर टाकून बाहेर आली.

“ममाय, खरंच नाचली नाहीस तू? चुण्यांसाठी?”

मधुकरने अस्तर चटकन मिटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते त्यानेच बोलायला हवं होतं. पण त्याने आंटींकडे पाहिलं. आणि आपण कशासाठी पाहिलं, हे त्याचं त्यालाच कळलं.

“मग?” आंटी नातीला म्हणाल्या. “असा गाऊन कोण चुरगाळेल गं?”

रुचिराने कौतुकाने बापाकडे बघितलं. मधुकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“अस्तर तेवढं नवीन घाल रे,” आंटी त्याला म्हणाल्या. “हिला नाचायचंय.”

त्याने टेप उचलली आणि घेराची उंची घ्यायला लविनाच्या पायाशी बसला. मापाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो खालीच राहिला.